येरपुड्यांची बैलजोडी

मे महिन्यात हिंगणघाटचं डांबर चप्पल धरून ठेवतं आणि कुत्री नालीत बसून दुपार काढतात. अशा दुपारी गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळलेला एक माणूस गिरणीच्या आवारात दिसला की नवीन लोक चार पावलं बाजूला सरकायचे. ताप असेल, साथ असेल. जुने लोक सरकत नसत. त्यांना ठाऊक होतं की हे आमचे मधुकर येरपुडे. नुकतेच कॉम्प्युटरच्या खोलीतून बाहेर आले आहेत आणि मफलर काढायचा राहून गेला आहे.

ती खोली म्हणजे आमच्या सूतगिरणीतली एकमेव थंड जागा. सर्व्हरला उकाडा सोसत नाही, माणसांना सोसतो, असं मालकांचं धोरण. त्यामुळे उन्हाळा लागला की साऱ्या खात्यांना अचानक कॉम्प्युटरच्या अडचणी येऊ लागायच्या. मी सूत रवानगीच्या खात्यात. माझं चालान तर होळीपासून मृगापर्यंत अडकलेलंच असायचं. मला दारात पाहिलं की येरपुडे म्हणायचे, "या भाऊ. चालान अडकलं, का घाम निंगून राह्यला?" आणि पायानेच स्टूल पुढे सरकवायचे. स्टूल फुकट नव्हतं. जो बसेल त्याने ऐकायचं, असा अलिखित करार होता.

ऐकायचं काय, तर दोन केबलींविषयी.

खोलीच्या एका टोकाला युनिक्सचा सर्व्हर. दुसऱ्या टोकाला डिस्कांचं कपाट; कापसाची वजनं, सुताचा साठा, आमचे पगार, गिरणीचा सगळा जीव त्या कपाटात. सर्व्हरपासून कपाटापर्यंत फायबरच्या दोन केबली, आणि प्रत्येकीच्या वाटेत तिचा वेगळा स्विच. एक वाट तुटली तरी दुसरीवरून काम चालू राहावं यासाठी ही सोय. कंपनीचे लोक तिला मल्टिपाथ म्हणत. येरपुडे जोडी म्हणत. नारिंगी केबलीचं नाव खैऱ्या आणि निळीचं चांद्या. निळा बैल कोणी पाहिला आहे का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, तुमी रवानगीतले. तुमाले बैलातलं काय कळते?"

त्यांचा जन्म हिंगणीकडचा, बोर धरणाच्या अलीकडचा. घरी शेती, स्वतः मात्र शिकून गिरणीत आलेले. पण मनातला गोठा त्यांनी कधी सोडला नाही. सर्व्हर बंद पडला असं ते म्हणतच नसत, "बसला" म्हणत. बंगळुरूच्या मदत केंद्राला फोन लावला की पलीकडचा पोरगा नम्रपणे विचारायचा, सर, नेमकं काय झालं? आणि येरपुडे आपल्या हिंदीत सांगायचे, "भैया, सर्व्हर बैठ गया है, पूँछ मरोडने से बी उठ नहीं रहा." यावर त्या पोराने काय नोंद केली असेल, या विचाराने मला अजून झोपेत हसू येतं.

नवं कपाट आलं त्या दिवशीची गोष्ट गिरणीत सगळ्यांना पाठ आहे. दोन्ही केबली जोडल्या होत्या, मल्टिपाथची जुळणी व्हायची होती. अशा वेळी सर्व्हरला प्रत्येक डिस्क दोनदा दिसते; एकदा या वाटेने, एकदा त्या वाटेने. नेमके तेव्हा अकाउंटचे बोरकुटे साहेब खोलीत आले, त्यांनी पडद्यावरची यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"येरपुडे! एकाच्या भावात दोन पाठवले काय बे कंपनीनं? बोलू नका कोनाले. वापराले काढा."

येरपुड्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. नाटकातल्या मोठ्या वाक्याआधी ते असं करत.

"साहेब, गोठ्याले दारं दोन. या दारातून पाह्यलं तं म्हैस दिसते. त्या दारातून पाह्यलं तरी म्हैस दिसते. म्हनून दोन म्हशी होत नाईत."

"पन यादीत तं दोन आहेत."

"आहेत नं. आता दोन्ही दारांतून दोन गडी एकदम धार काढाले बसवा. दूध सांडन, अन् लाथ दोघायलेही बसन."

बोरकुटे साहेब गेले, पण त्यांची खात्री पटली नाही. दुसरी म्हैस येरपुड्यांनी कुठेतरी लपवली आहे, असं ते निवृत्त होईपर्यंत खासगीत सांगत.

पुढचा प्रश्न होता ओझं वाटण्याचा. कंपनीच्या इंजिनिअरने बसवून दिलं ते असं की सगळं काम चांद्याने ओढायचं आणि खैऱ्याने बाजूला उभं राहायचं. चांद्या पडला तरच याने खांदा द्यायचा. इंजिनिअर नागपूरच्या गाडीत बसेपर्यंत येरपुडे गप्प राहिले. मग त्यांनी ती जुळणी बदलली आणि दोन्ही वाटांना पाळीपाळीने जुंपलं. कारण विचारल्यावर त्यांनी मला शेतातली पांदण सांगितली. डांबरी सडक झाली म्हणून त्यांच्या बापाने मागच्या पांदणीने बैलबंडी नेणं सोडलं. मग एका पावसाळ्यात सडकेवरची पुलिया वाहून गेली, बापाने बंडी पांदणीकडे वळवली, तर तिथे पांदणच नव्हती. निम्म्यात बाभळी होत्या आणि निम्म्यात शेजाऱ्याची तूर.

"ज्या वाटेनं कोनी जात नाई नं भाऊ, तिच्यात वावराचा धुरा सरकवाले शेजाऱ्याले जास्त वेळ लागत नाई. दोन्ही वाटा चालत्या पाह्यजेत."

तत्त्व उत्तम होतं. तोटा एवढाच, की ते खोलीबाहेरही लागू व्हायचं. गिरणीच्या फाटकाबाहेर चहाच्या दोन टपऱ्या होत्या. एकीचा चहा आल्याचा, सुरेख. दुसरीचा चहा पिऊन माणसाला आपण कोणाचं काय वाईट केलं ते आठवायचं. येरपुडे आम्हाला एक दिवस इकडे नेत आणि एक दिवस तिकडे. "ही टपरी बंद पडली अन् मंग दुसऱ्यानं भाव वाढवला तं?" ते विचारत. खुद्द येरपुडे चहा पीत नसत. ते फक्त वाटा चालत्या ठेवत.

पण हा माणूस ओळखायचा असेल तर पोळ्याच्या दिवशी पाहायला हवा होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतो आणि त्यांच्या कानाशी सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. येरपुडे आदल्या संध्याकाळी खोलीचं दार लावून घेत. जोडणीची तोंडं कापडाने पुसत, दोन्ही स्विच तपासत, दोन्ही वाटा शाबूत असल्याची पडद्यावर खात्री करत, आणि मग (हे मी काचेतून स्वतः पाहिलं आहे) वाकून केबलींना आवतन देत.

दुसऱ्या दिवशी सारा ऑफिस स्टाफ खोलीत. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. मधोमध येरपुडे, मफलरवर गुलाल. आधी झडती. पोळ्यात बैल उभे असताना आमच्याकडे झडत्या म्हणतात. सालभर ज्याला बोलता येत नाही त्याला त्या दिवशी यमकात बोलून घ्यायचं, अशी ती सोय आहे. येरपुडे हात वर करून गर्जत:

"वायर वायर दोरी, दोरीले गाठ,
मालकाच्या बंगल्याची पॉलिश केली वाट!
आमच्या वाटेवर खड्डे, खड्ड्यात पानी,
बोनस मांगतला तं म्हंते, सांगू नका कहानी!
हर बोला हर हर महादेव!"

मालकांचा पुतण्याही हसायचा. पोळ्यात हसावंच लागतं. मग येरपुडे चांद्याला हात घालत आणि, चालू कामात, भर दिवसा, खसकन उपसून काढत. तिकडे वजनकाट्यावरचा गडी फोनवर असायचा: "चालू हाये, चालू हाये!" बिलं छापली जात. माझं चालान निघे. चांद्या परत जोडला जाई, त्याची वाट पडद्यावर जिवंत झाली की खैऱ्याची पाळी. पुन्हा "चालू हाये!" टाळ्या. पुरणपोळी. साऱ्या विदर्भात त्या दिवशी बैलांना आराम असतो. काम केल्याबद्दल टाळ्या घेणारी जोडी आमचीच.

यात पहिलं बोट ठेवलं ते प्रज्ञा थूलने. पुलगावची मुलगी, इंजिनिअर, येरपुड्यांच्या हाताखाली नवीन लागलेली, आणि तोंडाने त्यांच्याच तोडीची. पहिला पोळा पाहिला, पोळी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाली, "सर, एक इचारू?"

"इचार नं बाई."

"तुमी काल सांजच्याले सगळं तपासता. आवतन देता. मंग आज ओढता. न सांगता कधी ओढून पाह्यलं काय?"

"न सांगता ओढाले मी काय चोर आहो काय?"

"केबल तं न सांगताच तुटते, सर. ते काय पोळा पाहून तुटते?"

खोलीतल्या थंडीत आणखी दोन अंशांची भर पडली. येरपुडे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जे सांगायचं ते माझ्यामार्फत सांगत आणि तीही माझ्यामार्फत उत्तर देई. मी त्या काळात तिसरी केबल होतो.

मग पुण्याहून सबनीस साहेब आले. नवे जनरल मॅनेजर. सडपातळ, नम्र, आवाज कधी चढत नाही, आणि प्रत्येक गोष्टीकडे पाहून "ह्याची आवश्यकता आहे का?" असं विचारण्याची सवय. महिनाभरात गिरणीतल्या दोन माळ्यांपैकी एक, दोन फाटकांपैकी एक आणि बोरकुट्यांच्या जागेवर आलेल्या दोघांपैकी एक अनावश्यक ठरला होता. पोळ्याआधी त्यांची नजर दुसऱ्या स्विचच्या देखभालीच्या करारावर पडली. येरपुड्यांना बोलावणं गेलं.

"साहेब, उद्या पोळा आहे," येरपुडे म्हणाले. "सवता येऊन पाहा. मंग ठरवा."

खैऱ्या राहणार की जाणार, हे त्या दिवशी ठरणार होतं. येरपुड्यांनी त्या वर्षी खोली अशी पुसली की फरशीत मफलर दिसावा. झडतीतून बोनस वगळला. सबनीस साहेब खुर्चीवर बसले. येरपुड्यांनी चांद्या उपसला. "चालू हाये!" चांद्या जोडून खैऱ्या उपसला. "चालू हाये!" एक पापणी लवावी इतकाही खोळंबा नाही. दोन्ही वाटांमधली बदली इतकी सफाईदार व्हावी म्हणून या माणसाने वर्षानुवर्षं एकेक बारीक आकडा घासून आणला होता. त्या दिवशीचा प्रयोग त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम होता.

सबनीस साहेबांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

"अप्रतिम, येरपुडे. म्हणजे एक काढून टाकली तरी काहीही फरक पडत नाही."

"अजिबात नाई, साहेब!" येरपुडे छाती काढून म्हणाले.

"उत्तम. मग दुसरी काढूनच टाकू या."

मी माणसाच्या चेहऱ्यावरचा गुलाल उतरताना पाहिला आहे तो त्या एकाच वेळी. येरपुड्यांचा मफलरपर्यंत हात गेला आणि तिथेच राहिला. इतक्या वर्षांत त्यांनी लोकांना एकच गोष्ट सिद्ध करून दाखवली होती आणि ती अखेर एका माणसाला पटली होती. दिवाळीनंतर करार संपत होता. तोवर दुसरी वाट काढायची, असा हुकूम झाला. पुरणपोळी कोणी मागून घेतली नाही.

प्रज्ञाने त्या दिवशी थट्टा केली नाही. उलट तीच पुढे आली. "सर, सोपं आहे. बदलीचा वेळ वाढवून टाका. पुढच्या बारीनं ओढली का काटा जरा वेळ थांबन. गाड्या खोळंबतीन, शिव्या पडतीन. साहेबाले लगेच कळन दुसरी वाट कायले पाह्यजे ते."

"माहा बैल लंगडा आहे, असं लोकायले दाखवू?"

"खोटं खोटं, सर."

"बैल खोटं लंगडत नाई, प्रज्ञाबाई. मालक शिकवते त्याले." आणि ते उठून गेले. ते तिच्याशी थेट बोलले, एवढीच त्या दिवसाची कमाई.

दिवाळी झाली, कापूस सुरू झाला. आमचं जिनिंगही गिरणीलाच लागून. हंगामात ट्रॅक्टर, टेम्पो, बंड्या, सगळी रांग वजनकाट्यापासून हैदराबादच्या हमरस्त्याला टेकते. त्यातल्याच एका दिवशी, ऐन अकराच्या गर्दीत, येरपुड्यांनी सबनीस साहेबांना खोलीत बोलावलं. करार संपला, वाट काढायची वेळ झाली, शुभकार्य साहेबांच्या हातून व्हावं.

साहेबांना हा मान आवडला. त्यांनी खैऱ्याच्या तोंडाशी असलेली खिटी दाबली आणि केबल बाहेर काढली. बाहेर रांग सरकत होती. काही फरक पडला नाही.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले.

"पाह्यलं." येरपुड्यांनी निळ्या केबलीकडे हात केला. "आता ह्याले हात लावा, साहेब."

"म्हणजे?"

"ओढा, असं नाई म्हनत. नुसता हात लावा. मी तं दोन्ही ओढत होतो, तुमच्यासमोर. तुमी नुसता धरून पाहा."

सबनीस साहेबांनी हात पुढे नेला. खिडकीतून वजनकाटा दिसतो. काट्यावर एक ट्रॅक्टर चढत होता आणि त्याच्यामागे, जिथवर नजर जाईल तिथवर, पांढऱ्या कापसाने फुगलेल्या गाड्या आणि त्यांच्यावर उभे राहून गिरणीच्या नावाने आधीच ओरडणारे लोक. साहेबांचा हात केबलीपासून वीतभर अंतरावर थांबला. खोलीत थंडी होती, तरी त्यांनी रुमाल काढला.

"समजा, चुकून जोरात धक्का लागला तर?"

"तं काई नाई. सारे लोक इथंच येतीन तुमाले भेटाले."

हात मागे आला. प्रज्ञा पडद्याकडे पाहत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"ती नारिंगी," साहेब खाली पडलेल्या केबलीकडे न पाहता म्हणाले, "ती जोडा पाहू परत."

करार पुढे चालू राहिला. खैऱ्या वाचला. येरपुड्यांनी त्या दिवशी आम्हाला चांगल्या टपरीवर नेलं. वास्तविक पाळी दुसरीची होती.

पण सबनीस साहेब अर्धवट शिकणारे नव्हते. भीती त्यांना कळली ती पूर्ण कळली. दुसऱ्याच दिवशी खोलीच्या दारावर परिपत्रक लागलं: कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही व्यक्तीने, कोणत्याही केबलला हात लावू नये. खाली ठळक अक्षरांत, सणवारही अपवाद नाहीत.

येरपुडे ते वाचून आत गेले आणि मफलर बांधून बसले. त्यांनी जोडी वाचवली होती आणि पोळा घालवला होता. पुढचा पोळा त्यांचा नोकरीतला शेवटचा. त्या दिवशी तोरण लागलं, पुरणपोळी आली, लोकांनी आग्रह केला, पण त्यांनी झडतीही म्हटली नाही. "बैल दावनीलेच बांधून असल तं झडती कोनापुढे म्हनू?" असं म्हणाले. पण मला खरी गोम ठाऊक होती. हुकमाचं दुःख त्यांनी पचवलं असतं. प्रज्ञाचा प्रश्न पचला नव्हता. आपल्यामागे, आपण आवतन न देता, ही जोडी उभी राहील का? आता तपासून पाहायची सोयच उरली नव्हती, आणि निवृत्तीची महिनाअखेर जवळ येत होती.

निरोप समारंभ कँटीनमध्ये, दुपारी. शाल, नारळ, समोसे. सबनीस साहेब बोलायला उभे राहिले. "शिस्त", "सातत्य", "संस्थेचा आधारस्तंभ" असं सुरळीत चाललं होतं. येरपुडे खुर्चीत बसून होते, मफलरवर शाल, गळ्यात हार, सप्टेंबरच्या उकाड्यात घामाच्या धारा. त्यांचं लक्ष भाषणात नव्हतं. प्रज्ञाची खुर्ची रिकामी होती, तिकडे ते पाहत होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असावं; एवढं शिकवलं आणि पोरगी निरोपालाही नाही.

भाषण संपता संपता ती मागच्या दाराने आली. टाळ्या चालू असताना येरपुड्यांच्या शेजारी वाकली. मी पलीकडच्याच खुर्चीवर होतो, म्हणून ऐकू आलं.

"सर, ओढली."

येरपुडे हलले नाहीत. समोर साहेबांकडे पाहतच त्यांनी ओठांतल्या ओठांत विचारलं, "कोनती?"

"दोन्ही. एक एक करून. आता, साहेब बोलून राह्यले होते तवा."

"तपासलं होतं आधी?"

"नाई. काईच नाई. गेली अन् ओढली."

"काटा?"

"चालू होता."

"कोनाले समजलं?"

"कोनालेच नाई, सर."

येरपुड्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या आयुष्यात मी इतका तृप्त चेहरा पाहिला नाही, आणि मी लग्नांच्या खूप पंगती पाहिल्या आहेत. मग एक डोळा उघडून ते तिच्याकडे वळले.

"हेच तं वांधे आहेत ह्या धंद्याचे, पोरी," ते म्हणाले. "समोसा खाय."

तेवढ्यात त्यांना दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. ते उठले. हार सावरला. आता झडती होणार म्हणून मागचे लोक सरसावून बसले. येरपुड्यांनी सबनीस साहेबांना हात जोडले आणि अगदी शुद्ध, पुणेरी, परिपत्रकी मराठीत म्हणाले, "आपल्या आदेशाचे मी शेवटच्या दिवसापर्यंत पालन केले. मी कशालाही हात लावला नाही."

साहेब गहिवरले. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या. सबनीस साहेब आता बदलून पुण्याला गेले आहेत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.